पेटाऱ्यातील नागाची शुश्रूषा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत चारबाग येथे दिलेल्या भाषणाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या या व्याख्यानमालेत आम्हीही चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न पडला. लखनौ आणि महाराष्ट्र यांच्या ऋणानुबंधावर बोलावे, तर १९१६ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी लोकमान्य टिळक या नगरीत आले होते, येथपासून ते १९२६ साली पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी येथे संगीत महाविद्यालय स्थापन केले, येथपर्यंत सांगण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु त्या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते याच व्यासपीठावरून बोलून गेले आहेत. आम्ही पडलो केंद्र सरकारचे नोकर; आयुष्य फायलींत गेले; बी. ए. ला थोडेफार संस्कृत आणि मराठी वाचले, एवढीच आमची विद्या. म्हणून मोठ्या विषयाला हात न घालता, येत्या श्रावणात आपणा सर्वांना ज्याचा निर्णय करावयाचा आहे, तोच विषय आम्ही आज घेतला आहे.

आपणांस स्मरत असेल की, गेल्या सर्वसाधारण सभेत एक सूचना आली होती. नागपंचमीच्या हळदीकुंकवाच्या वेळी गारुड्याला मंडळाच्या आवारात बोलावून जिवंत नागाची पूजा करण्याची जी प्रथा आहे, ती बंद करावी, अशी ती सूचना. तिच्यावर बराच खल झाला आणि शेवटी ती पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवण्यात आली. एका ज्येष्ठ भगिनींनी तेव्हा जो प्रश्न विचारला, तो आमच्या कानांत अद्याप घुमतो आहे. त्या म्हणाल्या, "अहो, देश सोडून इतक्या लांब आलो, पंचमीला झाडाला झोका नाही, वारूळ नाही. आता नागोबालाही दूध द्यायचं नाही, तर मग पंचमी म्हणजे राहिलं काय?" हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. परमुलखात पन्नास वर्षे आपण जे सण जपले, त्यांतूनच आपल्या मुलांना आपण कोण हे कळले. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे, तर ते पूर्ण माहितीनिशी आणि आदराने दिले पाहिजे.

प्रथम पंचमीचे मूळ रूप पाहू. आपल्याकडे पाटावर चंदनाने किंवा हळदीने नाग रेखतात, लाह्या आणि दूध यांचा नैवेद्य दाखवितात, दिंडे उकडतात. त्या दिवशी चिरायचे नाही, तळायचे नाही, जमीन नांगरायची नाही, खणायची नाही. या नियमांमागील भावना उघड आहे. पावसाने बिळे भरून जीवजंतू बाहेर पडलेले असतात. आपल्या विळीने, तव्याने, नांगराने त्यांना इजा होऊ नये. म्हणजे पंचमीचे व्रत हे मुळात हात आवरण्याचे व्रत आहे. लखनौच्या बाजूला याच दिवशी 'गुड़िया' करतात. मुली कापडाच्या बाहुल्या आणून टाकतात आणि मुलगे त्यांना छड्यांनी झोडपतात. झोपाळे मात्र येथेही बांधले जातात. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सर्पसत्राची जी कथा आहे, तिचेही नाते या पंचमीशी जोडले जाते. होमात साप पडत असताना आस्तिकाने राजाकडे धन मागितले नाही, गायी मागितल्या नाहीत. हे सत्र थांबव, एवढेच मागितले. श्रीकृष्णानेही कालियाला मारले नाही. यमुनेतून काढून त्याला त्याच्या मूळ ठिकाणी धाडले. आपल्या परंपरेत सापाविषयी जे सांगितले आहे, त्याचे सार या दोन कथांत आले आहे असे आम्हांस वाटते.

आता पेटाऱ्यातील नागाकडे वळू. येथे आम्हांस ऐकीव गोष्टी सांगावयाच्या नाहीत. काही वर्षांपूर्वी श्रावणातच आमच्या निवासस्थानाजवळ, चारबाग स्थानकाच्या मालधक्क्याकडील भिंतीशी, कोणी सोडून गेलेला वेताचा एक पेटारा सापडला. गस्तीची चाहूल लागून मालक पळाला असावा. लोकांचा घोळका जमला. कोणी काठी आणली, कोणी हात जोडले, कोणी पैसे टाकले. आमच्या शेजारी राहणाऱ्या एका तरुण पशुवैद्यांनी घोळका मागे हटविला, वन खात्यास कळविले, आणि रीतसर पंचनामा झाल्यावर त्या नागाच्या उपचारांचे काम खात्याच्या देखरेखीखाली त्यांच्याकडे आले. कचेरी सुटल्यावर आम्ही तेथे जाऊन बसत असू. त्यामुळे पुढील सात-आठ महिन्यांत जे घडले, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

तो नाग सुमारे चार फूट लांब होता आणि त्याचे वजन भरले अवघे साडेतीनशे ग्रॅम. पाठीचा कणा कातडीखालून धारेसारखा वर आलेला, दोन्ही बाजूंची कातडी सुरकुतलेली. दोन ठिकाणी जुनी कात सुकून अंगाला घट्ट चिकटलेली होती. सापाला पापण्या नसतात. डोळ्यांवर काचेसारखे एक पारदर्शक खवले असते आणि कात टाकताना तेही निघून येते. येथे तेही सुकून राहिले होते आणि त्यावर कुंकवाचा थर बसला होता, त्यामुळे तो जवळजवळ आंधळा झाला होता. फण्याखाली गोचिडी चिकटल्या होत्या. सर्वांत दारुण अवस्था तोंडाची. वरच्या व खालच्या ओठांतून दोरा ओवलेला होता. मध्यभागी दूध ओतण्यापुरती फट ठेवलेली. दोरा कापून तोंड उघडले, तेव्हा विषदंतांच्या जागी पू भरलेल्या जखमा होत्या.

बंधुभगिनींनो, हे वर्णन श्रावणातल्या संध्याकाळी ऐकणे कठीण आहे, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु ज्याला आपण हळद वाहतो, त्याची ही अवस्था आपणांस ठाऊक असली पाहिजे. पंचमीच्या पुष्कळ आधी नाग पकडले जातात. चिमट्याने विषदंत उपटले जातात. निसर्गाने नागाच्या जबड्यात राखीव दातांची सोय केलेली असल्यामुळे काही आठवड्यांत नवे दात येतात. मग ते पुन्हा उपटायचे, किंवा विषाची ग्रंथीच चिरून वा डागून निकामी करायची, असा क्रम चालतो. त्यानंतर त्याला अन्नपाण्यावाचून ठेवतात. तहानेने व्याकुळ झालेला जीव पुढे येईल ते द्रव पितो, आणि आपण म्हणतो, नागोबा दूध प्यायले!

वास्तविक दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न. साप सस्तन नाही. दूध पचविण्याची व्यवस्था त्याच्या शरीरात नाही. शिवाय त्याच्या श्वासनलिकेचे तोंड खालच्या जबड्यात जिभेच्या लगतच असते. बळेच ओतलेले दूध तेथून फुप्फुसात उतरते; आणि नागाचे एकच फुप्फुस काय ते कामाचे, दुसरे नाममात्र असते. पुढे सूज, धाप आणि मृत्यू. ज्या वाटीने आपण पुण्य जोडतो असे मानतो, तीच वाटी त्याच्या मरणाचे कारण होते.

पुंगीचेही असेच. नाग सुरांवर डोलतो ही आपली समजूत. त्याला बाह्यकर्ण नाहीत. जमिनीतील कंपने तो जबड्याच्या हाडांवाटे उत्तम जाणतो. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी सापांना हवेतून येणारे आवाजही जाणवतात असे दाखवून दिले. तथापि फणा काढून तो जो डोलतो, तो तालावर नव्हे. समोर हलणाऱ्या पुंगीवर तो नजर ठेवून असतो. तो पवित्रा भयाचा आहे, भक्तीचा नाही.

आता शुश्रूषेचा भाग. आजारी माणूस म्हटला की आधी त्याला खाऊ घालावे, ही आपली स्वाभाविक प्रवृत्ती. जमलेल्यांपैकी कोणी अंडे आणले, कोणी जिवंत उंदीर आणला. पशुवैद्यांनी दोन्ही परत पाठविले. उपाशी सापाला एकदम अन्न दिले तर ते पोटात कुजते किंवा उलटून पडते. पहिले औषध पाणी आणि दुसरे ऊब. साप स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करून ठेवू शकत नाही. सभोवतालच्या उष्णतेवर त्याचे पचन, त्याची रोगाशी झुंज, सर्व काही अवलंबून असते. म्हणून लाकडी पेटीच्या एका टोकास सुमारे तीस-बत्तीस अंशांची ऊब आणि दुसरे टोक थंड, अशी योजना झाली. कोठे राहावे हे त्याने ठरवायचे. मध्ये लपण्यास एक फुटके मडके पालथे घातले. त्या मडक्याचे महत्त्व औषधाहून कमी नव्हते. कारण ज्या प्राण्याला दिवसभर माणसांच्या नजरेपुढे ठेवले गेले, त्याला पहिली गरज आडोशाची होती.

रोज कोमट पाण्याच्या पसरट भांड्यात त्याला काही वेळ ठेवीत. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः होऊन पाणी प्यायले. त्याच्या गळ्याची ती संथ हालचाल पाहून, इतके दिवस त्याच्याजवळ न फिरकणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींनीही पदर डोळ्यांना लावला. गोचिडी चिमट्याने एकेक करून काढल्या. तोंडातील जखमा जंतुनाशकाने धुतल्या. प्रतिजैवकाची इंजेक्शने द्यावी लागली, ती शरीराच्या पुढच्या भागात. मागील अंगातील रक्त सापाच्या बाबतीत आधी मूत्रपिंडांकडे जाते. तेथे सुई टोचली तर औषध उपयोगी पडण्यापूर्वीच वाहून जाण्याची भीती, असे पशुवैद्यांनी आम्हांस समजावून सांगितले. डोळ्यांवरचे खवले मात्र त्यांनी ओढून काढले नाही. ते म्हणाले, "ते ओढले तर डोळा जाईल. हवेत ओलावा ठेवू. पुढच्या कातेबरोबर ते आपोआप निघेल." आणि पाचव्या आठवड्यात ते तसेच निघाले. ओल्या तरटावर अखंड कात पडली होती, आणि तिच्यात डोळ्यांच्या जागी दोन नितळ चकत्या होत्या.

पहिले दहा-बारा दिवस बारीक नळीने पोटात पातळ अन्न सोडले. नंतर मेलेल्या उंदराचे छोटे पिलू दिले. ते त्याने उलटून टाकले. पुन्हा आठवडाभर केवळ पाणी. मग पुन्हा दिले, ते पोटात टिकले. खाल्ल्यावर दोन दिवस कोणी त्याला हात लावायचा नाही, दर रविवारी वजन करायचे, वहीत नोंद करायची, हा नियम काटेकोर पाळला गेला. फायलींत केस पिकविलेल्या आमच्यासारख्यास ती वही पाहून मोठे समाधान वाटे. दिवाळीच्या सुमारास वजन पाचशेवर गेले. तोपर्यंत लखनौची थंडी उंबरठ्यावर आली होती. पौष-माघात येथील पारा रात्री कोठे उतरतो ते आपणांस ठाऊकच आहे. अशा दिवसांत दुबळा साप बाहेर सोडणे म्हणजे त्याला मरणाच्या दारी सोडणे. म्हणून हिवाळाभर त्याला उबेत ठेवला. उजव्या बाजूचा विषदंत पुन्हा आला. डाव्या बाजूचे हाड कायमचे खराब झाले होते. तरी तो शिकार धरू लागला होता, फुत्कारू लागला होता, आणि आम्हांला पाहताच मडक्याआड जाऊ लागला होता. पशुवैद्यांना सर्वांत अधिक आनंद झाला तो या शेवटच्या लक्षणाचा. माणसाला भिणारा नाग हाच बरा झालेला नाग. फाल्गुनाच्या अखेरीस वन खात्याच्या माणसांनी शहराबाहेरील वनक्षेत्रात त्याला सोडला. गवतात शिरताना त्याने मागे वळून पाहिले नाही, आणि तेच योग्य होते.

हे उपचार कोणीही घरी करावेत, असा मात्र याचा अर्थ नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये नाग पकडणे, बाळगणे वा त्याचा खेळ करणे हा गुन्हा आहे; दया म्हणून घरी ठेवणे हेही त्यातून सुटत नाही. परदेशी अजगर वगैरे पाळण्याची जी हौस अलीकडे मोठ्या शहरांत दिसते, तिच्यासाठीही २०२४ साली नोंदणीचे नियम झाले आहेत. दात काढलेला साप निर्धोक असतो ही समजूतही घातक आहे. विष शिल्लक असू शकते आणि दात पुन्हा येतात. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लक्ष माणसे मृत्यू पावली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिला आहे. यास्तव साप दिसला तर दूर राहावे, वन खात्यास कळवावे. दंश झाला तर मांत्रिक वा गारुडी न शोधता थेट सरकारी रुग्णालय गाठावे, हे आपल्या मुलाबाळांना आपण सांगितलेच पाहिजे.

सापांची निगा हा काही विक्षिप्त लोकांचा छंद आहे असेही नाही. आपल्या लखनौजवळ कुकरैल येथे १९७० च्या दशकापासून सुसरींची अंडी उबवून, पिले वाढवून ती नद्यांत सोडण्याचे काम चालत आले आहे. महाराष्ट्रात हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेथे डॉ. प्रकाश आमटे यांनी पोरक्या वन्यप्राण्यांना आसरा दिला, त्यांत सापही होते. पुण्यात श्री. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली बहात्तर विषारी सापांसमवेत बहात्तर तास राहून, साप विनाकारण चावत नाही हे लोकांना दाखवून दिले. पुढे १९८६ मध्ये कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमी तर जगप्रसिद्ध. तेथे जिवंत नागांची मिरवणूक निघत असे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर या शतकात त्या प्रथेस आळा बसला आणि प्रतिमेची पूजा सुरू झाली. गावाला ते सोपे गेले नाही. पिढ्यानपिढ्यांचा अभिमान त्यात गुंतलेला होता. परंतु नागपंचमी तेथून नाहीशी झाली नाही.

आता अखेरचा आणि आमच्या मते सर्वांत अवघड प्रश्न. तो गारुड्याचा. आपल्या आवारात वर्षानुवर्षे जो म्हातारा येतो, त्याला आम्ही गेल्या महिन्यात मुद्दाम भेटलो. कायदा सांगितला. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "बाबूजी, साँप तो छूट जाएगा, हम कहाँ छूटें?" या प्रश्नापुढे कायद्याचे पुस्तक मिटावे लागते. नागाची दया यावी आणि त्या पेटाऱ्यामागे बसलेल्या माणसाची येऊ नये, ही भूतदया अर्धवट होय.

याला वाटा नाहीत असे नाही. तमिळनाडूतील इरुळा जमात पूर्वी कातड्यांसाठी साप पकडीत असे. कायद्याने तो व्यवसाय बंद झाला, तेव्हा रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ साली त्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. हे लोक परवान्याने साप पकडतात, काही आठवडे ठेवून विष काढतात आणि सापाला पुन्हा रानात सोडतात. आपल्या रुग्णालयांत सर्पदंशावर जी लस मिळते, तिच्यासाठी लागणारे विष फार मोठ्या प्रमाणात या संस्थेकडून येते. त्या जमातीतील मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. राजस्थानातील कालबेलियांच्या गाण्याला आणि नृत्याला २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत मान मिळाला. आपल्याच प्रदेशात आग्र्याजवळ १९९९ पासून अस्वलांना आश्रय देण्याचे काम झाले आणि त्याबरोबरच अस्वल नाचविणाऱ्या कलंदरांना दुसरे रोजगार मिळावेत म्हणून प्रयत्न झाले. २००९ मध्ये रस्त्यावरचे शेवटचे नाचणारे अस्वल मुक्त झाले असे सांगितले जाते. प्राणी सुटला आणि माणूस वाऱ्यावर सोडला, असे जेथे झाले नाही, तेथेच सुधारणा टिकली.

हे सारे लक्षात घेऊन आम्ही मंडळापुढे नम्रपणे तीन गोष्टी मांडतो. एक, येत्या पंचमीपासून आपल्या आवारात जिवंत नाग आणू नये. पूर्वापार रीतीप्रमाणे पाटावर चंदनाचा नाग काढावा, आणि तो काढण्याचा मान आपल्या ज्येष्ठ भगिनींना द्यावा. दोन, त्या दिवशी मुलांना सापांची शास्त्रीय ओळख करून देणारे एक छोटे व्याख्यान ठेवावे. तीन, गारुड्याला आपण जी दक्षिणा देतो, ती बंद करू नये. तो पेटाऱ्याशिवाय आला तरी त्याचा मान राखावा; त्याच्या नातवंडांची शाळेची फी आणि पुस्तके यांचा भार मंडळाच्या शिक्षणनिधीतून उचलावा. त्याचा थोरला नातू पुंगी उत्तम वाजवितो. ज्या शहरात भातखंड्यांनी संगीताची शाळा काढली, तेथे त्या पोराच्या वाद्याला पेटाऱ्याशिवाय श्रोते मिळू नयेत, असे आम्हांस वाटत नाही.

आणि त्या भगिनींचा प्रश्न राहिला. पंचमीला दूध कोणाला द्यायचे? स्थानकापलीकडच्या वस्तीत त्या गारुड्याच्या घरी पाच लहान मुले आहेत. दूध हे लेकरांचे अन्न आहे. नागोबाला नैवेद्य दाखवून झाला की ती वाटी तेथे पोचती करावी. आपल्या सणाचे यात काही उणे होणार नाही. आणि पुढील पन्नास वर्षांनी या मंडळाची मुले पंचमी साजरी करतील, तेव्हा आपण हात आवरले होते आणि हात पुढेही केला होता, एवढी आठवण त्यांच्यापाशी राहील.